बोटाखालची तारीख

आमच्या ख्रिस्ती मंडळीत माणूस मातीआड गेला की त्याच्या क्रुसावर चार गोष्टी लिहायची रीत आहे. नाव, जन्म, मृत्यू आणि सगळ्यांत खाली एक ओळ: प्रभूत झोपी गेला. बाई असली तर झोपी गेली. मारेगावच्या बाजूला आमचं गाव आहे. तिथल्या दफनभूमीतले गेल्या चाळीस वर्षांतले बहुतेक क्रूस मीच रंगवले. त्यातल्या एका क्रुसावर ती चौथी ओळ मी सात वर्षं लिहिली नाही, आणि लिहिली आहे असं त्या माणसाच्या आईला सांगत राहिलो. हे मंडळीला ठाऊक आहे. मी स्वतःच देवळात उभं राहून ते सांगितलं होतं आणि मला माफीही मिळाली होती. पण त्या दिवशी मी अर्धंच बोललो. उरलेलं अर्धं असं आहे: तो माणूस विष प्यायला नव्हता. तो माझ्या शेतात, माझ्या सांगण्यावरून फवारा मारून मेला, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आता क्रमानं लिहितो.

मी अक्षरं काढणारा पेंटर. चित्र मला कधी जमलं नाही. ब्रश धरायला आमच्या एका म्हाताऱ्या पाळकांनी शिकवलं. ते रविवारी उपदेश करायचे आणि बाकीच्या दिवशी देवळाच्या खिडक्या, बाकं, फाटक स्वतः रंगवायचे. खडूत बुडवलेला दोरा ताणून भिंतीवर रेघ कशी उमटवायची, काना उतरवताना श्वास कुठं रोखायचा, हे सगळं त्यांच्याकडून आलं. कामाआधी हात धुऊन डोळे मिटायचे, ही त्यांची अट होती. ते म्हणायचे, "देवळाची भिंत असो की दुकानाची पाटी, हात एकच आहे. एकीकडं देव आणि दुसरीकडं धंदा अशी वाटणी करू नकोस." मला ते फार पटलं. पण मी त्याचा अर्थ माझ्या सोयीनं घेतला. अक्षर सरळ आलं, रंग ओघळला नाही, की आपलं देवाशी ठीक चाललं आहे असं मी समजत गेलो. देवळात वेदीच्या मागच्या भिंतीवरचं वचन मी लिहिलं. लोक येऊन त्याची तारीफ करत. मी मान खाली घालून म्हणायचो, "सगळं त्याचंच." आणि आतून फुगायचो.

नंतर कापसाची ती वाईट वर्षं आली. सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्या बंद पडल्या, खरेदी केंद्राबाहेर गाड्या दिवसचे दिवस उभ्या राहायच्या, बोंडं फोडली की आत अळी. गावात माणसं कमी बोलायला लागली. भिंतींना मात्र कधी नव्हे एवढी मागणी आली. बियाण्यांच्या आणि औषधांच्या कंपन्यांना रस्त्याकडेची एकही भिंत मोकळी नको होती. आमच्याकडं कीटकनाशकाला औषधच म्हणतात. तालुक्याच्या एका दुकानदारानं मला गावोगावच्या भिंती दिल्या. मारेगावपासून थेट वणीच्या रस्त्यापर्यंत मी हातभर उंचीची लाल-पिवळी अक्षरं काढत गेलो. मजुरीचा काही भाग तो रोख द्यायचा, काही भाग औषधाच्या डब्यांत. मला वडिलांकडून आलेलं तीन एकर रान होतं, कपाशी होती, म्हणून डबे मलाही चालायचे.

ज्याच्याबद्दल लिहितो आहे तो आमच्याच मंडळीतला. तिशीच्या आतला. भजनाला ढोलकी वाजवायचा. बायको बाळंतपणात गेलेली. घरात म्हातारी आई आणि तीन वर्षांची मुलगी. स्वतःचं रान नव्हतं, हंगामात लोकांच्या शेतात फवारा मारायच्या मजुरीला जायचा. मी रस्त्याकडेला भिंत रंगवत असलो की थांबून टोमणा मारल्याशिवाय पुढं जायचा नाही.

"काय पेंटरभाऊ, रविवारी देवाचं वचन लिवता अन् सोमवारी अळीचं मरन. अळी काय देवानं नाही बनवली?"

"बनवली असन. पण कपाशी कोणाची खाऊन राह्यली ते त्यानं पाह्यलं नसन."

"मंग वर्ती लिवा ना एक पाटी, त्याले दिसन अशी."

त्याच्या अशा बोलण्यावर मी शिडीवर उभ्या उभ्या हसायचो.

त्या दिवशी सकाळी त्यानं दुसऱ्या एका शेतात फवारा मारला होता. दुपारी तो मला रस्त्यात भेटला. माझ्या कपाशीत अळी दिसायला लागली होती. मी म्हटलं, "तासभर येतो काय माह्या वावरात?" तो म्हणाला, "तुमच्यासाठी येतो, भाऊ. पर च्या पाजा लागन." शेतात पंप माझाच होता. दुकानदारानं दिलेले दोन वेगवेगळ्या औषधांचे डबे मी आणून ठेवले होते.

"हे दोन्ही एकातच टाकू काय?" त्यानं विचारलं.

"दुकानदार म्हणे टाका. लवकर मरते म्हणे."

"कोन, अळी का मी?"

"टाक ना बे, वारं सुटून राह्यलं."

तरी तो एक डबा हातात फिरवत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं. "लय बारीक लिवलं हाय यावर. वाचा ना, काय म्हनते."

मी डबा घेतला. चष्मा खिशात होता. तो काढायला किती वेळ लागला असता? पण दुकानदाराचा माणूस चार वाजता भिंतीचा फोटो काढायला येणार होता आणि माझी खालची ओळ राहिली होती. मी डबा डोळ्यांसमोर धरला, थोडा वेळ वाचल्यासारखं केलं आणि म्हणालो, "काही नाही. पाण्यात टाका अन् मारा, एवढंच."

"येवढं बारीक लिवलं, अन् येवढंच?"

"तेच हिंदीत, तेच इंग्रजीत."

तो हसला आणि त्यानं दोन्ही डबे पंपात ओतले. कपाशी त्याच्या छातीपर्यंत होती. पंपाचं झाकण गळत होतं. त्याच्या पाठीवर शर्ट ओला झालेला मला बांधावरून दिसला. मी सायकलवर बसलो आणि भिंतीकडं गेलो. ती ओळ सुरेख आली.

संध्याकाळी ओरडा झाला. घराकडं येताना नाल्याजवळ तो पडलेला सापडला. तोंडातून फेस, बोलता येत नव्हतं, अंगाला औषधाचा वास. जीप मिळवली, आधी मारेगाव, तिथून यवतमाळ. जीपमध्ये मीही होतो. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. रस्त्यात त्याची आई एकच विचारत होती, "काय झालं व माह्या लेकराले?" कोणीतरी मागून हळू म्हणालं, "पिला असन. बायको गेल्यापासून त्याचं काही खरं नव्हतं." त्याच महिन्यात आसपासच्या दोन गावांत दोघं प्यायले होते. औषधाचा वास असलेला माणूस म्हणजे प्यायलेला माणूस, असा गावाचा तेव्हा समजच झाला होता. सकाळच्या शेतमालकानंही सांगितलं की दुपारी तो चांगला हसत निघाला होता. माझ्या शेतात तो आला होता हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय पोटात गेलंय? प्यायला का? कोणाला माहीत आहे? डबा असेल तर ताबडतोब आणा." ते माझ्याकडंच बघत होते, कारण बरोबर आलेल्यांत मीच शिकलेला दिसत होतो. मी म्हणालो, "काही कल्पना नाही, साहेब."

डबा शोधायला मलाच परत गावाला पाठवलं. बाकीच्यांबरोबर मी त्याच्या घरात शोधलं, आढ्यावर हात घालून पाहिलं. मग एकटा माझ्या शेतात गेलो. तिथं बसून चष्मा लावला आणि दोन्ही डब्यांवरचं बारीक वाचलं. अंगभर कपडे घालावेत. हातमोजे घालावेत. नाकातोंडावर पट्टी बांधावी. वाऱ्याच्या उलट फवारू नये. दुसऱ्या औषधात मिसळू नये. विषबाधा झाल्यास काय द्यावं, तेही लिहिलेलं होतं. मी दोन्ही डबे पडक्या विहिरीत टाकले, पंप धुतला आणि परत जाऊन डब्याचा पत्ता लागत नाही असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

मला कशाची भीती वाटली हे पुष्कळांनी विचारलं असतं, कोणाला माहीत असतं तर. पोलिसांची वाटली. पण त्याहून जास्त भीती देवळातली माझी जागा जाईल याची वाटली. मी मंडळीच्या पंचांपैकी एक होतो आणि मंडळीचं दप्तर माझ्याकडं होतं.

मातीच्या आधी पंच बसले. पाळक तरुण होते, नवे होते. त्यांनी विचारलं, "खरंच त्यानं औषध घेतलं, हे कोणी पाहिलंय का? कोणाला काही माहीत असेल तर आत्ता बोला." मी वहीत मान घालून बसलो होतो. मग बाकीच्यांनी ठरवलं: जीव दिलेल्या माणसाला कुंपणाजवळ जागा द्यावी, घंटा वाजवू नये, क्रुसावर ती ओळ असू नये. मी ते दप्तरात माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं. खाली सहीही केली.

क्रूस मी बाभळीचा केला. पांढरा रंग दोनदा दिला आणि वर काळ्या इनॅमलनं तीनच ओळी काढल्या. त्याची आई बघायला आली. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, मी तिला मावशी म्हणायचो. ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, "वाचा, पेंटरभाऊ."

मी वाचलं. नाव. जन्म. मृत्यू. तिथं थांबायला हवं होतं. ती वाट बघत होती. मी म्हणालो, "प्रभूत झोपी गेला."

तिनं पदर तोंडाला लावला. मग विचारलं, "कोठी हाय थे? मले हात लावून दाखवा."

रंग अजून ओला होता. मी तिचं बोट धरलं आणि मृत्यूच्या तारखेवर, अगदी जवळ, रंगाला लागणार नाही असं धरलं. "इथं," मी म्हणालो.

दर वर्षी पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या, शनिवारी आम्ही दफनभूमी साफ करतो. गवत काढतो, क्रूस पुन्हा रंगवतो, म्हणजे रविवारी पहाटे उपासनेला सगळे आले की ते स्वच्छ दिसतात. ते काम माझं. ती नातीला घेऊन यायची आणि मी तो क्रूस रंगवत असताना बाजूला बसायची. रंग वाळला की तारखेवर बोट ठेवायची, आकड्यांवरून हळूहळू फिरवायची आणि म्हणायची, "प्रभूत झोपी गेला माहा लेक." असं तिनं सात वर्षं केलं. ओळ नाही हे बाकीच्यांना दिसत होतं, पण आईपुढं ते कोणी बोललं नाही. दर वर्षी मी ती तारीख नव्यानं, जास्त ठळक काढत होतो. भिंतींचं कामही चालू होतं. लाल-पिवळ्या अक्षरांत त्याच औषधाचं नाव मी आणखी किती भिंतींवर लिहिलं ते मला आठवत नाही. प्रत्येक भिंतीआधी हात मात्र धुवत होतो.

नात चौथीत गेली त्या वर्षीची गोष्ट. ती सगळ्या क्रुसांवरचं मोठ्यानं वाचत फिरत होती. आपल्या बापाच्या क्रुसापाशी आली तेव्हा आजीचं बोट तारखेवर होतं.

"आजी, तथी तर तारीख हाय."

"नाही व माय. प्रभूत झोपी गेला लिवलं हाय."

"नाही न! हे पाह्य, हा सात हाय. हा शून्य. बाकीच्यांवर लिवलं हाय, बाबाच्यावर नाही."

म्हातारीनं बोट काढलं नाही. माझ्याकडं पाहिलं. "पेंटरभाऊ, पोट्टी लहान हाय. तिले नसन येत वाचता. तुमी वाचा."

मला तेव्हाही खोटं बोलता आलं असतं. पोरगी समोर होती म्हणून बोललो नाही. म्हणालो, "मावशी, ती ओळ नाही. पंचांनी लिहू दिली नाही."

"काहून?"

"लोक म्हणतात, तो प्यायला."

"लोक म्हनते थे मले मालूम हाय," ती म्हणाली. "पर मंडळीनं लिवलं हाय, मंग तो पिला नाही, असं मी सांगून राह्यली साऱ्याईले. सात साल. तुमच्या लिवन्यावर."

ती ओळ तिच्यासाठी पुरावा होती. गावातल्या सगळ्या कुजबुजीविरुद्ध तिच्याजवळ एवढं एकच होतं, आणि ते माझ्या तोंडचं होतं. तिनं हात पदराला पुसला आणि हळू आवाजात विचारलं, "म्हंजे पिलाच काय मंग तो?"

या प्रश्नाचं उत्तर फक्त माझ्याजवळ होतं. मी म्हणालो, "देवालाच ठाऊक."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या उपासनेत मी उभा राहिलो आणि सांगितलं की एका आईला मी सात वर्षं खोटं वाचून दाखवलं. मला रडू आलं. लोकांनाही आलं. पाळकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. पंचांनी नवा ठराव केला आणि मी त्या क्रुसावर चौथी ओळ लिहिली. लोक म्हणाले, असा खरा माणूस पाहिजे. ते ऐकून मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

म्हातारी ती ओळ बघायला कधी आली नाही. मी निरोप दिला तर म्हणाली, "आता लिवलं काय अन् नाही काय." देवळात येणं तिनं सोडलं. नातीला तिनं पुसदला वसतिगृहात घातलं. त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. रस्त्यात भेटली की "सलाम, पेंटरभाऊ" म्हणायची आणि थांबायची नाही. लेकानं आपल्याला आणि पोरीला टाकून जीव दिला, हे मनात घेऊन ती जगली. मला एक वाक्य बोलायचं होतं. तिचं घर माझ्या घरापासून चार घरं पलीकडं. मी गेलो नाही. मागच्या हिवाळ्यात ती गेली.

नात आता नर्स आहे. आजीच्या क्रुसासाठी सागाची फळी घेऊन ती गेल्या आठवड्यात माझ्याकडं आली. माझा हात आता थरथरतो, पण तिला दुसरा कोणी माहीत नव्हता. मी खडूनं रेघा आखत असताना ती ओट्यावर बसून बोलत होती.

"आजोबा, आजीच्या नावाखाली ती ओळ लिहा. बाबाच्या क्रुसावरची पुसली तरी चालन मले."

"असं काहून बोलतेस?"

"प्यायलेले पेशंट येतात आमच्याकडं. शुद्धीवर आले की लेकरांची नावं घेतात. बाबानं माझं घेतलं असन का, असं मी दर वेळी विचार करते. नसनच घेतलं."

मी खडू खाली ठेवला. मी तिला सांगितलं. शेत, दोन डबे, बारीक अक्षरं, विहीर. सांगताना मी तिच्याकडं पाहिलं नाही. मी थांबल्यावर दवाखान्यात विचारतात तसं तिनं एकेक विचारलं. दोन्ही डब्यांतली औषधं कोणती? मी नावं सांगितली. भिंतींवर लिहून लिहून ती पाठ होती. किती वेळ फवारलं? अंगावर काय होतं? नाल्यापाशी किती वाजता सापडले? मग म्हणाली, "डॉक्टरनं डबा मागितला होता?"

"हो."

"अन् तुमच्याजवळ होता."

"विहिरीत टाकला होता."

ती उठली. ओट्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. मी म्हणालो, "मले माफ कर, असं म्हणायचा मले हक्क नाही."

"मंग नका म्हनू," ती म्हणाली. "लिहून द्या. आजीले सांगितलं नाही तेही. मंडळीत मी वाचून दाखवीन, तुम्ही नाही."

तेच हे लिहिलं आहे. तिला दिलं की ती वाचेल. पाळकांनी येत्या रविवारी उपासनेनंतर वेळ ठेवली आहे. पुढं पोलिसांत जायचं की नाही, ते तिनं ठरवायचं आहे. मी कुठंही सही करीन.

त्या दिवशी जाताना तिनं फळी उचलून काखेत घेतली. मी म्हणालो, "अक्षरं राहिली, बाई."

"आजीचा क्रूस तुम्ही नका करू," ती म्हणाली. "मी पुसदले करून घेते."

माझ्या ओट्यावरून बसथांबा दिसतो. बस यायला वेळ होता. तिनं फळी मांडीवर आडवी घेतली आणि मी आखलेल्या खडूच्या रेघा ओढणीच्या टोकानं एकेक करून पुसल्या.